मोकळं कोण, हलकं काय? ‘रिलीव्ह’ हे इंग्रजी क्रियापद समजून घेताना

आस्थापना शाखेत माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत एक वाक्य महिन्यातून दोनदा तरी भेटतं : ‘काइंडली रिलिव्ह मी ऑन थर्टिएथ जून.’ अर्जदाराला म्हणायचं असतं, 30 जूनला मला कार्यमुक्त करा. पण स्पेलिंगमधलं एक ‘ई’ गळालेलं असतं, आणि आर-ई-एल-आय-व्ही-ई असं लिहिलं की तो वेगळाच शब्द होतो. त्याचा अर्थ ‘पुन्हा जगणं’, एखादा जुना प्रसंग मनात पुन्हा अनुभवणं. वाचणारा समजून घेतो, अर्ज पुढे सरकतो, आणि चूक तशीच राहून पुढच्या नोकरीच्या अर्जातही जाते.

बावीस वर्षं बदल्या, राजीनामे आणि निवृत्तीचे कागद हाताळताना मला जाणवलं, की आपल्या नोकरदार माणसाच्या आयुष्यात हे क्रियापद फार मोक्याच्या दिवशी येतं. नोकरी सुटते तेव्हा, बदली होते तेव्हा, पाळी संपते तेव्हा, दुखणं कमी होतं तेव्हा. तरीही ते कुणी नीट शिकवत नाही. मराठी माध्यमातून शिकून नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. एका बैठकीत वाचून सोडू नका, प्रत्येक पायरीला आपल्या कामातलं एक वाक्य स्वतः बनवा.

पहिली पायरी : कान आणि स्पेलिंग

स्पेलिंग आर-ई-एल-आय-ई-व्ही-ई. उच्चारात जोर दुसऱ्या अक्षरावर, आणि तिथली ‘ली’ दीर्घ : रि-ली-व्ह. मराठी बोलताना आपण शब्दाच्या मधल्या र्‍हस्व-दीर्घाकडे फारसं लक्ष देत नाही, म्हणून ‘रिलिव्ह’ आणि ‘रिलीव्ह’ आपल्या कानाला सारखेच वाटतात. इंग्रजीत मात्र त्या एका वेलांटीवर अर्थ बदलतो.

नाम ‘रिलीफ’. क्रियापदाच्या शेवटी ‘व्ह’, नामाच्या शेवटी ‘फ’. ‘बिलीव्ह-बिलीफ’, ‘ग्रीव्ह-ग्रीफ’, ‘प्रूव्ह-प्रूफ’ या जोड्या अशाच चालतात. एक जोडी पाठ केली की बाकीच्या आपोआप येतात. ‘प्लीज रिलीफ मी’ असं लिहिलेलंही मी पाहिलं आहे, ते नाम क्रियापदाच्या जागी बसवल्यामुळे झालेलं असतं.

दुसरी पायरी : शब्दाच्या पोटात काय आहे

लॅटिनमध्ये ‘लेव्हिस’ म्हणजे हलका, आणि ‘लेव्हारे’ म्हणजे उचलणं, हलकं करणं. त्यावरून ‘रेलेव्हारे’, त्यावरून जुनं फ्रेंच रूप, आणि तिथून चौदाव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला. पहार किंवा तरफ या अर्थाचा ‘लीव्हर’, वर नेणारा ‘एलिव्हेटर’, दुःख हलकं करणारं ‘अलीव्हिएट’ ही सगळी त्याच घरातली भावंडं.

व्युत्पत्ती सांगायचं कारण केवळ हौस नाही. डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन बाई घरी येते आणि अंगणातून हाक मारते, ‘जरा हात लाव गं.’ दुसरी येऊन हात लावते, दोघी मिळून भारा खाली उतरवतात. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवा. यात तीन गोष्टी आहेत : वाहणारी बाई, तिच्या डोक्यावरचा भारा, आणि हात लावणारी. ‘रिलीव्ह’च्या जवळजवळ प्रत्येक वापरात हे तिघं असतात, कधी उघड, कधी लपलेले. भारा नाहीसा होत नाही हेही ध्यानात असू द्या. तो फक्त तिच्या डोक्यावरून उतरतो. ही गोष्ट पुढे औषधांच्या वेळी कामाला येईल.

तिसरी पायरी : मोकळं की हलकं?

या शब्दाचं व्याकरण मी मुलांना एका प्रश्नात सांगतो. वाक्य बनवण्याआधी मराठीत विचारा : मोकळं कोण होतंय, की हलकं काय होतंय?

माणूस मोकळा होत असेल, तर क्रियापदाच्या लगेच पुढे माणूस, मग ‘ऑफ’, आणि मग ओझं. ‘शी रिलीव्ह्ड हिम ऑफ द हेवी बॅग.’ तिनं त्याला जड पिशवीतून मोकळं केलं. मराठीत आपण असं बोलत नाही, हे खरं. आपण म्हणतो, ‘तिनं त्याच्या हातातली जड पिशवी घेतली.’ आपल्या वाक्यात पिशवी हे कर्म आहे आणि माणूस ‘त्याच्या’मध्ये दडला आहे. इंग्रजी वाक्यात माणूस पुढे येतो आणि पिशवी ‘ऑफ’च्या मागे जाते. इथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘शी रिलीव्ह्ड द बॅग फ्रॉम हिम’ असं लिहिलं जातं, आणि त्यात पिशवीच मोकळी होते.

ओझं हलकं होत असेल, तर ओझं सरळ क्रियापदाच्या पुढे : ‘धिस टॅब्लेट रिलीव्ह्ज पेन.’ ‘द न्यू ब्रिज विल रिलीव्ह ट्रॅफिक.’ इथे ‘ऑफ’ लागत नाही. दुखणं हलकं होतं, वाहतुकीचा ताण हलका होतो.

पहिला साचा एकटा नाही. ‘रॉब’, ‘डिप्राइव्ह’, ‘रिड’, ‘क्युअर’ ही क्रियापदंही माणूस आधी आणि वस्तू ‘ऑफ’नंतर घेतात. चोराने त्याला पैशांना लुबाडलं, डॉक्टरनी त्याला खोकल्यापासून बरं केलं : दोन्हींत इंग्रजी रचना तीच. म्हणून ‘रिलीव्ह’ नीट बसलं की चार-पाच क्रियापदं एकदम सुधारतात. इंग्रजी बातमीत ‘तीन चोरट्यांनी प्रवाशाला पाकिटातून रिलीव्ह केलं’ अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर गोंधळू नका. चोरीचाच तो जरा मिश्कील उल्लेख असतो.

चौथी पायरी : ऑफिसातलं ‘रिलीव्ह’

आता आपल्या खऱ्या कामाकडे येऊ. आपल्याकडे सरकारी असो की खासगी, ‘रिलीव्ह’ हा शब्द मराठी बोलण्यात पुरता मुरला आहे. ‘बदली झाली, पण अजून रिलीव्ह केलं नाही.’ ‘रिलीव्हिंग लेटर मिळालं का?’ शासकीय मराठीत याला ‘कार्यमुक्त’ म्हणतात, आणि हा शब्द मला फार आवडतो. कारण त्याच्याच शेजारी ‘कार्यभार’ आहे, ‘पदभार’ आहे, ‘अतिरिक्त कार्यभार’ आहे. इंग्रजीतला ‘चार्ज’ हाही मुळात गाडीवर माल लादण्याचाच शब्द. चार्ज घेणं म्हणजे भार डोक्यावर घेणं, आणि रिलीव्ह होणं म्हणजे तो उतरणं. दोन्ही भाषांनी नोकरीकडे एकाच नजरेनं पाहिलं आहे.

इथे एक गोष्ट पक्की करा. राजीनामा तुम्ही देता, कार्यमुक्त कार्यालय करतं. ‘रिझाइन’चा कर्ता तुम्ही, ‘रिलीव्ह’चा कर्ता ते. म्हणून ‘आय विल रिलीव्ह ऑन थर्टिएथ जून’ हे वाक्य चूक आहे. भारा वाहणारीच उतरवणारी होत नाही. बरोबर वाक्य : ‘आय रिक्वेस्ट यू टू रिलीव्ह मी ऑन थर्टिएथ जून’ किंवा ‘आय विल बी रिलीव्ह्ड ऑन थर्टिएथ जून.’ हा ‘बी’ विसरू नका.

राजीनामा मंजूर होणं आणि कार्यमुक्त होणं हे वेगवेगळे टप्पे आहेत, हेही नव्या मुलांना माहीत नसतं. मंजुरी आली तरी नोटिशीचा काळ उरलेला असतो, कार्यभार सोपवायचा असतो, ना-देय प्रमाणपत्रावर, म्हणजे तुमच्याकडे काही येणं बाकी नाही अशा दाखल्यावर, प्रत्येक शाखेची सही घ्यायची असते. बदली असेल तर अंतिम वेतन प्रमाणपत्र निघावं लागतं, नाहीतर नव्या ठिकाणी पगार अडतो. हे सगळं झाल्यावर ज्या कागदावर ‘रिलीव्ह्ड’ लिहून येतं, तोच खरा शेवट. बदलीच्या आदेशाचा कागद हातात आला म्हणून दुसऱ्या गावी भाड्याची खोली घेऊन बसलेले आणि इकडे कार्यमुक्ती न मिळालेले शिक्षक मी पाहिले आहेत. त्यांची ओढाताण पाहवत नाही.

आदेशातली काही वाक्यं ओळखून ठेवा. मराठी आदेशात ‘मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे’ असं असतं, इंग्रजीत त्याला ‘आफ्टरनून’ किंवा नुसतं ‘एएन’. अर्थ असा, की तो दिवस जुन्या कार्यालयात भरला. ‘फोअरनून’ किंवा ‘एफएन’ असेल तर तो मध्यान्हपूर्व. एका अक्षरानं एका दिवसाच्या पगाराचा आणि रुजू होण्याच्या मुदतीचा हिशेब बदलतो, तेव्हा कागद हातात घेतल्या घेतल्या हे तपासा. ‘यू स्टँड रिलीव्ह्ड’ याचा अर्थ ‘तुम्ही उभे आहात’ असा नाही. ‘या आदेशानेच तुम्ही कार्यमुक्त झालात’ असा तो आहे. ‘डीम्ड टू हॅव बीन रिलीव्ह्ड’ म्हणजे कार्यमुक्त झाल्याचं समजण्यात येईल. मराठीत ‘एकतर्फी कार्यमुक्त’ म्हणतात तो प्रकार याच्या जवळचा : तुम्ही कार्यभार दिला नाही तरी आदेश लागू झाला. हे वाक्य दिसलं की वेळ घालवू नका, नव्या ठिकाणी रुजू व्हा.

‘ऑफ’ की ‘फ्रॉम’, हा प्रश्न नेहमी येतो. जगभरच्या इंग्रजीत ‘रिलीव्ह्ड ऑफ’ रूढ आहे. आपल्या कार्यालयांत ‘रिलीव्ह्ड फ्रॉम द सर्व्हिसेस’ किंवा ‘फ्रॉम ड्यूटीज’ सर्रास लिहितात, आणि इथल्या वाचकाला त्यात काही खटकत नाही. पण देशाबाहेर जाणाऱ्या कागदाबाबत सावध राहा. तिकडे ‘ही वॉज रिलीव्ह्ड ऑफ हिज ड्यूटीज’ हे वाक्य बहुतेक वेळा ‘त्याला पदावरून दूर केलं’ असं वाचलं जातं. एखाद्या प्रशिक्षकाला किंवा सेनापतीला काढल्याची सभ्य भाषेतली बातमी अशीच येते.

हे मी अनुभवातून सांगतो. परदेशात नोकरी मिळालेल्या एका परिचारिकेला जुन्या रुग्णालयानं नेहमीच्या नमुन्यातलं पत्र दिलं होतं. तिकडून विचारणा आली : या बाईंना कामावरून का काढलं होतं? ती रडकुंडीला येऊन माझ्याकडे आली. तिची काहीच चूक नव्हती. आम्ही मिळून नवा मसुदा केला : तिनं स्वतः राजीनामा दिला, अमुक तारीख हा तिचा कामाचा शेवटचा दिवस होता, तिच्याकडे कोणतंही येणं बाकी नाही. रुग्णालयानं सही करून दिली आणि प्रश्न मिटला. तेव्हापासून बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, पत्रात ‘रिझाइन्ड’ आणि ‘लास्ट वर्किंग डे’ हे दोन शब्द असलेच पाहिजेत. ‘रिलीव्हिंग लेटर’ हा कागद आपल्याकडचा आहे, तिकडच्या सगळ्यांना तो ठाऊक असेलच असं नाही.

पाचवी पायरी : दुसऱ्याची जागा घेणं

पहारेकरी, परिचारिका, स्टेशन मास्तर, कारखान्यातले कामगार यांच्या तोंडी ‘रिलीव्ह’ वेगळ्या अर्थानं येतं. ‘माझा रिलीव्हर आला नाही’ म्हणजे मला सोडवायला येणारा माणूस आला नाही, मला जागा सोडता येत नाही. इथे हात लावणारा भारा खाली ठेवत नाही, स्वतःच्या डोक्यावर घेतो. ‘अ फ्रेश नर्स विल रिलीव्ह यू ॲट एट’ म्हणजे आठ वाजता दुसरी नर्स येऊन तुमची जागा घेईल. अशा वाक्यात ‘ऑफ’ बहुधा गळतं, कारण ओझं कोणतं ते दोघांनाही माहीत असतं.

याच क्रियापदाचा एक लष्करी वापर इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकांत सापडतो, आणि तिथे आपले विद्यार्थी हटकून चुकतात. वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याला ‘रिलीव्ह’ करणं म्हणजे बाहेरून सैन्य नेऊन आतल्यांवरचा दाब काढणं. 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातल्या पन्हाळ्याकडे नेताजी पालकर धावून गेले, पण वेढा फोडता आला नाही. इंग्रजीत हे ‘नेताजी ट्राइड टू रिलीव्ह पन्हाळा’ असं लिहिलं जाईल. मराठीत आपण ‘वेढा उठवणं’ म्हणतो, आपल्या शब्दातही ‘उठवणं’ आहेच! फक्त आपलं कर्म वेढा, त्यांचं कर्म किल्ला. पुन्हा तोच मोकळं-हलकंचा फरक.

पण ‘रिलीफ’ म्हणजे प्रत्येक वेळी वेढा उठलाच असं समजू नका. 1857 च्या उठावात वेढल्या गेलेल्या लखनौच्या रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या इंग्रज वसाहतीला, सप्टेंबरमध्ये हॅवलॉक आणि आउट्रम यांची फौज पोचली, त्याला इंग्रज इतिहासकार पहिला ‘रिलीफ’ म्हणतात. प्रत्यक्षात ती फौजही आत अडकली. नोव्हेंबरमध्ये कॉलिन कॅम्पबेल आल्यावर आतले लोक बाहेर निघाले, आणि शहर इंग्रजांच्या हाती परत गेलं ते 1858 च्या मार्चमध्ये. अशा ठिकाणी ‘कुमक पोचली’ हे भाषांतर अधिक खरं.

सहावी पायरी : औषधाच्या खोक्यावर

‘रिलीव्ह’ म्हणजे बरं करणं नव्हे. बरं करणं म्हणजे ‘क्युअर’. भारा उतरला, नाहीसा झाला नाही, हे आठवा. ‘रिलीव्ह्ज सिम्प्टम्स’ असं खोक्यावर असेल तर ते औषध त्रास तात्पुरता कमी करतं, दुखण्याचं मूळ काढेलच असं नाही.

हा फरक दम्याच्या माणसासाठी जिवाचा आहे. त्याला बहुधा दोन प्रकारचे पंप दिले जातात : ‘रिलीव्हर’ आणि ‘प्रिव्हेंटर’. साल्ब्युटामॉलसारखं औषध असलेला रिलीव्हर आक्रसलेल्या श्वासनलिका लवकर मोकळ्या करतो, त्यामुळे लगेच बरं वाटतं. श्वासनलिकांची आतली सूज कमी ठेवण्याचं काम मात्र प्रिव्हेंटरचं, आणि तो त्रास नसतानाही सांगितल्याप्रमाणे रोज घ्यायचा असतो. त्याचा परिणाम चटकन जाणवत नाही, म्हणून माणसं तो बंद करतात आणि रिलीव्हरवरच भागवतात. रिलीव्हर वारंवार लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असा त्याचा अर्थ, आणि तेव्हा डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. घरात कुणाला पंप असेल तर दोन्ही नावांचे अर्थ आज त्यांना मराठीत समजावून सांगा.

सातवी पायरी : हायसं वाटणं

परीक्षेचा निकाल लागला, हरवलेलं पोर सापडलं, तपासणीचा रिपोर्ट चांगला आला. आपण म्हणतो, जीव भांड्यात पडला, हायसं वाटलं, सुटलो एकदाचे. इंग्रजीत ‘आय ॲम रिलीव्ह्ड.’ पुढे ‘टू हिअर’, ‘टू नो’ किंवा ‘दॅट’ जोडता येतं : ‘आय ॲम रिलीव्ह्ड टू हिअर दॅट यू रीच्ड होम.’ काळजी किती होती हे दाखवायचं तर ‘सो रिलीव्ह्ड’ किंवा ‘ग्रेटली रिलीव्ह्ड’.

इथली नेहमीची चूक म्हणजे ‘इट इज व्हेरी रिलीव्हिंग.’ इंग्रजीत हे असं म्हणत नाहीत. घटनेबद्दल बोलायचं तर नाम वापरा : ‘इट इज अ बिग रिलीफ’, ‘व्हॉट अ रिलीफ!’ माणूस ‘रिलीव्ह्ड’, घटना ‘रिलीफ’.

एक इशारा इथेच देतो. क्रियापदापुढे ‘मायसेल्फ’, ‘हिमसेल्फ’ आलं आणि वाक्य तिथेच संपलं, तर अर्थ ठरलेला आहे : लघवीला किंवा शौचाला जाणं. मराठीतही पोट ‘मोकळं’ होतंच, तेव्हा कल्पना अनोळखी नाही. पण ‘आय वॉन्ट टू रिलीव्ह मायसेल्फ’ असं राजीनाम्यात कधीही लिहू नका, पुढे ‘फ्रॉम द पोस्ट’ असलं तरीही.

आठवी पायरी : ‘रिलीफ’ची मराठी रूपं

नाम कुठे आहे त्यावर मराठी शब्द बदलतो. एकच प्रतिशब्द पाठ करून भागत नाही. न्यायालयात ‘रिलीफ’ म्हणजे मागितलेली दाद. ‘इंटरिम रिलीफ’ला वर्तमानपत्रं ‘अंतरिम दिलासा’ म्हणतात. करात ती सवलत. ‘चीफ मिनिस्टर्स रिलीफ फंड’ला आपण ‘सहायता निधी’ म्हणतो. निवृत्तिवेतनधारकांना मिळतो तो ‘डिअरनेस रिलीफ’, म्हणजे डीआर, आणि नोकरीत असलेल्यांना मिळतो तो ‘डिअरनेस अलाउन्स’, म्हणजे डीए. मराठी बोलण्यात दोन्हींना ‘महागाई’ म्हणून मोकळं होतात, पण फॉर्म भरताना घोळ होतो.

1972 च्या दुष्काळात खडी फोडायला, पाझर तलावांच्या कामाला गेलेली पिढी अजून आपल्यात आहे. ती ‘दुष्काळी कामं’ इंग्रजी कागदांत ‘स्कॅर्सिटी रिलीफ वर्क्स’ होती. त्यातूनच पुढे रोजगार हमी उभी राहिली आणि 1977 मध्ये तिचा कायदा झाला. कामावर वाटलेली सुकडी आठवणाऱ्या आजीला ‘रिलीफ’चा अर्थ विचारा, कोणत्याही शब्दकोशापेक्षा चांगला सांगेल.

आणि घारापुरीच्या लेण्यांतली शिल्पं? त्यांनाही इंग्रजीत ‘रिलीफ’च म्हणतात, कारण ती भिंतीतून उचलून आल्यासारखी दिसतात. मराठी शब्द ‘उठाव’. डोंगरदऱ्यांचा ‘रिलीफ मॅप’ तोही उठावाचा नकाशा.

शेवटची पायरी : मसुदा स्वतः लिहा

आता कागद घ्या आणि कार्यमुक्तीचा अर्ज लिहा. पहिल्या वाक्यात राजीनाम्याची किंवा बदली आदेशाची तारीख. दुसऱ्या वाक्यात विनंती : ‘आय रिक्वेस्ट यू टू रिलीव्ह मी इन द आफ्टरनून ऑफ थर्टिएथ जून.’ तिसऱ्यात कार्यभार कुणाकडे सोपवताय ते, नावानिशी आणि पदनामासह. चौथ्यात ना-देय प्रमाणपत्र आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र देण्याची विनंती. सही करण्याआधी ‘रिलीव्ह’ या शब्दावर बोट ठेवा आणि ‘एल’नंतर ‘आय’ आणि ‘ई’ दोन्ही आहेत ना, ते मोजा. मग पोच घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवा. तारीख-शिक्का असलेली तीच प्रत पुढे उपयोगी पडते.